एकाच खोलीत दोन मतदान यंत्रं : नांदेड, २० नोव्हेंबर २०२४

गोदाकाठ (धागाकर्ता)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. निवडणुकीची ड्युटी आमच्या पाचवीला पुजलेली, त्यामुळे बऱ्याच निवडणुका मतदान केंद्राच्या आतून बघितल्या. पण २० नोव्हेंबर २०२४ चा दिवस मनातून जात नाही. खासदार वसंतराव चव्हाण निवडून येऊन तीन महिने होतात न होतात तोच ऑगस्टमध्ये गेले. म्हणून नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेचं मतदान एकाच दिवशी लागलं. एकाच खोलीत दोन यंत्रं, दोन आडोसे. मतदार आत यायचा, यादीत खूण व्हायची, बोटाला शाई लागायची, एक बटण दाबायचं, चार पावलं पुढं जाऊन दुसरं दाबायचं. म्हाताऱ्या बायांना दिवसभर सांगत होतो, "आजी, थांबा, अजून एक राहिलंय."

२३ तारखेला निकाल लागला. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. आणि त्याच लोकसभेखालच्या सहाच्या सहा विधानसभा, म्हणजे भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड, महायुतीनं जिंकल्या.

त्या चार पावलांत कुणाचीच जात बदलली नव्हती. मराठा मराठाच होता, लिंगायत लिंगायत, हटकर हटकर, बौद्ध बौद्ध, मुसलमान मुसलमान. मग मत कशानं बदललं?

आपल्याकडे निवडणूक आली की कट्ट्यापासून टीव्हीपर्यंत एकच हिशोब चालतो. या मतदारसंघात इतके लाख मराठा, इतके लाख वंजारी, इतके माळी, इतके धनगर, म्हणून निकाल असा. पहिली गोष्ट, हे आकडे आले कुठून? अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर देशात प्रत्येक जातीची मोजदाद शेवटची झाली १९३१ साली, तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली होती, पण ते आकडे बाहेर आले नाहीत. म्हणजे छातीठोकपणे सांगितला जाणारा प्रत्येक आकडा कुणाचा तरी अंदाज आहे, आणि अंदाज करणारा बहुतेकदा तिकिटाच्या रांगेत असतो.

दुसरी गोष्ट बीडची. ऑक्टोबर २०१४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. २०१९ ला त्यांनीच बजरंग सोनवणेंना १,६८,३६८ मतांनी हरवलं. १३ मे २०२४ ला मतदान झालं तेव्हा त्याच सोनवणेंसमोर त्याच घरातल्या पंकजा मुंडे होत्या, आणि त्या ६,५५३ मतांनी पडल्या. दहा वर्षांत बीडमधले मराठा वाढले नाहीत की वंजारी कमी झाले नाहीत. मुंडे घराणं २०१४ लाही वंजारीच होतं, आणि तेव्हा मराठ्यांनी भरभरून मतं दिली होती. गोपीनाथरावांच्या सभेला गेलेले माझे वडील मराठाच.

मधे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षण रद्द केलं. २९ ऑगस्ट २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला. १७ नोव्हेंबरला अंबडला ओबीसींची सभा झाली. त्या तीन महिन्यांत मराठवाड्यातल्या माणसाला आपण कोण याचं एकच उत्तर उरलं. त्याआधी तो कापूसवाला होता, मुंडेसाहेबांचा कार्यकर्ता होता, एखाद्या कारखान्याचा सभासद होता.

जात कायम असते हे मान्य. पण ती कधी निजलेली असते, कधी जागी. तिला कोणत्या प्रश्नानं हाक मारली यावर मत ठरतं. नांदेडला त्या दिवशी पहिल्या यंत्रानं एक प्रश्न विचारला आणि दुसऱ्यानं दुसरा.

तुमच्या भागात काय बघितलं ते लिहा. अंदाजाचे आकडे नकोत.

---

धरणगाव

वाचतोय. चांगला विषय काढलात सर.

---

आकडेमोड

मांडणी आवडली, पण नांदेडवरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नका असं मनापासून वाटतं. पोटनिवडणुकीत गेलेल्या खासदारांचा मुलगा उभा होता, सहानुभूती होती. विधानसभेला उमेदवार सहा वेगळे, त्यांचे गावागावांतले संबंध वेगळे. त्यात बंडखोर, अपक्ष. थोडी मतं इकडची तिकडं झाली की असा निकाल लागू शकतो.

बीडचंही तसंच. २०१४ च्या पोटनिवडणुकीत गोपीनाथरावांच्या निधनामुळे राष्ट्रवादीनं उमेदवारच दिला नव्हता. सात लाखांच्या त्या फरकाला तुम्ही मराठ्यांचं प्रेम म्हणता, पण समोर लढायला कोण होतं?

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

आकडेमोड, बीडबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. राष्ट्रवादी मैदानात नव्हती हे मी सांगायला हवं होतं. तो आकडा बाजूला ठेवू. पण २०१९ आणि २०२४ ची तुलना तरी उभी राहते, सोनवणे दोन्हीकडे आहेत.

नांदेडला मात्र थोडी मतं म्हणता येणार नाही. नांदेड उत्तर आणि दक्षिणला फरक दोन-चार हजारांचा होता, पण भोकर, नायगाव, देगलूर, मुखेडला मोठा होता. सहाही ठिकाणचे फरक एकत्र केले तर लाखाच्या पुढं जातात, आणि लोकसभेला तेच लोक काँग्रेसला निवडून देतात. सहानुभूती होती म्हणता, ते मान्यच. सहानुभूतीनं एका यंत्रावर जातीला मागं टाकलं असेल, तर तो माझ्याच बाजूचा पुरावा झाला.

---

सिंदफणा

मी बीड जिल्ह्यातला. वंजारी. गावात आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. गाव निम्म्याहून जास्त मराठ्यांचं.

निकालानंतर जूनमध्ये आमच्या भागात मोबाईलवर निरोप फिरले, यांच्या दुकानातून घेऊ नका, त्यांच्या हॉटेलात चहा पिऊ नका. दोन्हीकडून फिरले, एकाच बाजूला दोष देणार नाही. आमच्या दुकानातली उधारीची वही एका आठवड्यात मिटली. लोकांनी पैसे आणून दिले, पै-पै चुकती केली, आणि परत आले नाहीत. वडील म्हणाले, उधारी बुडवली असती तर एवढं लागलं नसतं.

गोदाकाठ सर म्हणतात जात निजलेली असते. मला वाटतं ती कधीच निजत नव्हती. पण आधी तिच्यावर व्यवहाराचं पांघरूण होतं. माझ्या वडिलांना मराठा पोरं आबा म्हणायची, पोळ्याला बैल आधी आमच्या ओट्यापुढं आणायची. ते खोटं नव्हतं. निवडणुकीनं ते पांघरूण ओढलं. लोकसभा येते आणि जाते, पण गावात राहायचं आम्हाला.

मतदानाच्या दिवशी रांगेत उभा होतो तेव्हा पुढचा माणूस मागं वळून माझ्याकडं बघून पुन्हा सरळ झाला. शाळेतला वर्गमित्र. काही बोलला नाही. मला तेव्हाच कळलं की आज तो आणि मी दोन वेगळ्या यादीत आहोत.

---

धरणगाव

सिंदफणा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. आबांना नमस्कार सांगा.

---

खडकपूर्णा

जालन्याचं उदाहरण घ्या, ते बीडपेक्षा स्पष्ट आहे. रावसाहेब दानवे १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार. २०१९ ला तीन लाखांवर मताधिक्य. २०२४ ला काँग्रेसच्या कल्याण काळेंनी त्यांना १,०९,९५८ मतांनी पाडलं. दानवेही मराठा, काळेही मराठा. आपल्या जातीच्या माणसाला मत एवढाच मामला असता तर दानवे पडले नसते. राग सरकारवर होता आणि दानवे सरकारचे मंत्री होते. म्हणजे जात उमेदवाराची बघितली गेली नाही, आपल्या जातीवर कोणी काय केलं हे बघितलं गेलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्रकार त्या नेहमी एकत्र करतात.

मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या. फक्त औरंगाबाद महायुतीकडे राहिली.

---

वऱ्हाडवाट

मी अकोल्याची. आमचं घर बौद्ध, वस्ती बौद्ध. २०१९ ला आम्ही सगळ्यांनी वंचित बहुजन आघाडीला मत दिलं. त्या वर्षी राज्यभर वंचितला सदतीस लाखांच्या पुढं मतं पडली. नांदेडमध्येच वंचितच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ६६ हजार होती आणि अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले. तेव्हा आम्हाला सगळे म्हणायचे, तुम्ही मतं खाल्ली. मला तो शब्द आजही लागतो. माझं मत कुणाच्या ताटातलं नव्हतं.

मग २०२४ आलं. मार्चमध्ये कर्नाटकातले भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे म्हणाले की संविधान बदलायला चारशे जागा हव्यात. पक्षानं हात झटकले, पण ती चित्रफीत आमच्या वस्तीत प्रत्येक मोबाईलवर पोचली. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिला कलम ठाऊक नाही, पण बाबासाहेबांनी लिहिलेलं काढून टाकणार एवढं तिला समजलं, आणि तेवढं पुरे होतं. वंचितची मतं राज्यभरात निम्म्याहून खाली आली. अनुसूचित जातींसाठी राखीव पाचही जागा, अमरावती, रामटेक, लातूर, सोलापूर, शिर्डी, महाविकास आघाडीला गेल्या.

आमच्या घरात त्या वेळी वाद झाला. भाऊ म्हणाला, बाळासाहेबांना, म्हणजे वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना, एकटं कसं पाडायचं. अकोल्यात तर ते स्वतःच उभे होते. शेवटी कोणी कोणाला मत दिलं हे मी इथं सांगणार नाही, पण त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. बाहेरचे लोक म्हणतात दलित मत फिरलं. आमच्या घरातली पाच मतं पाच प्रकारे फिरली होती.

---

हलगी

वऱ्हाडवाट ताई, तुमच्या आईबद्दलचं वाचून माझी आई आठवली. पण एक गोष्ट बोलायचीच आहे. तुम्ही आणि इथले बाकीचे दलित मत म्हणता तेव्हा त्यात आम्ही असतो का?

मी मातंग आहे, लातूर जिल्ह्यातला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात बौद्ध सुमारे ६५ लाख. नेते, प्रवक्ते, प्राध्यापक बहुतेक त्यांच्यातले आले, कारण त्यांनी आधी गाव सोडलं, आधी शिकले. त्याबद्दल आदर आहे. पण लोकसभेला संविधानाचं ऐकून आमच्या वस्तीनं जिकडं मत दिलं, विधानसभेला तिकडं दिलं नाही. मधे १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा, म्हणजे त्यांच्या आरक्षणात पोटवाटे करायला मुभा देणारा, निकाल आला. आमच्याकडं पेढे वाटले. आणि बौद्ध नेत्यांनी त्याला विरोध केला. आमच्या पोरांनी विचारलं, मे महिन्यात आपण एक होतो ना?

म्हणून गोदाकाठ सरांचं पटतं. मे महिन्यात प्रश्न होता संविधानाचा, त्यात आम्ही दलित होतो. नोव्हेंबरात प्रश्न होता वाटणीचा, त्यात आम्ही मातंग झालो.

---

वऱ्हाडवाट

हलगी दादा, बरोबर आहे. मी माझ्या वस्तीचं लिहिलं आणि शब्द सगळ्यांचा वापरला. उपवर्गीकरणावर माझं मत अजून वेगळं आहे, आरक्षण तुकड्या-तुकड्यांत जाईल याची भीती वाटते. पण तुमच्याकडच्या पेढ्यांचं कारण मला समजतं. यावर स्वतंत्र धागा काढाल का? मी येईन.

---

मोसमकाठ

मालेगावहून. यंत्रमागावर वाढलोय, धर्मानं मुसलमान, शाळा मराठी माध्यमाची.

२०२४ लोकसभेनंतर आमच्या गावाचं नाव राज्यभर झालं. धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. बाकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढं होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं बच्छावांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. त्यावरून आम्हाला काय काय म्हटलं गेलं ते इथं परत लिहीत नाही. एकगठ्ठा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

आता पुढचं ऐका. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल फक्त १६२ मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर आसिफ शेख, तेही मुसलमान. दोघांनाही लाखाच्या वर मतं. ज्या काँग्रेसला मे महिन्यात ती आघाडी दिली तिचा उमेदवार या लढतीत पार मागं पडला. गल्लीगल्लीत भाऊ भावाच्या विरुद्ध. हा कसला गठ्ठा?

लोकसभेला महाविकास आघाडीनं राज्यातल्या ४८ जागांत एकही मुसलमान उमेदवार दिला नव्हता. २०१९ ला इम्तियाज जलील निवडून आले होते, २०२४ ला महाराष्ट्रातून एकही मुसलमान खासदार नाही. तरी आम्ही बच्छावबाईंना मत दिलं, मुंबईत आमच्या नातेवाइकांनी मशालीला दिलं. ९२-९३ ची दंगल बघितलेला माझा मामा मशालीचं बटण दाबून आला. घरी येऊन बराच वेळ गप्प बसला होता. त्याला शिवसेनेबद्दल एकाएकी प्रेम आलं नव्हतं. त्याला सुरक्षित राहायचं होतं. माणूस घाबरला की एकत्र होतो, भीती कमी झाली की आपापल्या आवडीनं वागायला मोकळा होतो. हे सगळ्याच जातीधर्मांना लागू आहे, पण गठ्ठा फक्त आम्हालाच म्हणतात.

---

उन्हाळकांदा

चांदवड तालुका. मोसमकाठ भाऊ आमचे शेजारीच.

आमच्या दिंडोरीत जातीचं गणित चाललंच नाही, कारण जागा आदिवासींसाठी राखीव. भारती पवार केंद्रात मंत्री, समोर भास्कर भगरे गुरुजी, दोघंही आदिवासी. पवारताई १,१३,१९९ मतांनी पडल्या. कारण एकच, कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. माझा माल चाळीत सडत होता. ४ मे ला बंदी उठवली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची अट ठेवून. २० मे ला आमचं मतदान. लासलगावच्या आवारात उभा राहून भाव ऐकलेला माणूस त्या दिवशी मराठा, माळी, वंजारी काही नव्हता.

त्यात आणखी एक. बाबू भगरे नावाच्या अपक्षाला तुतारी चिन्ह मिळालं होतं आणि आमच्या उमेदवाराचं होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली. म्हणजे लोकांचा राग किती असेल याचा अंदाज करा, आणि चिन्ह वाचता न येणाऱ्या माणसाचं काय होतं तेही बघा. त्या मतांचा हिशोब कोणत्या जातीत धरणार?

विधानसभेला मात्र नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीला गेल्या, उरलेली एक मालेगाव मध्य. सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आणलं होतं, डॉलरची अटही काढली होती, भाव बरा होता. आणि घरातल्या बायकांच्या खात्यात पैसे येत होते.

---

पाटलीणबाई

शेवटच्या वाक्यावर थांबले. बायकांच्या खात्यात पैसे येत होते, असं सगळे एका ओळीत लिहून पुढं जातात.

मी सांगली जिल्ह्यातली, बचत गटाची अध्यक्ष. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले तेव्हा आमच्या गटातल्या कितीतरी बायकांचं आधार बँकेला जोडलेलं नव्हतं. आम्ही रांगा लावल्या. साठीला आलेल्या एका बाईनं पहिल्यांदा एकटीनं बँकेत जाऊन पैसे काढले. तिनं त्यातून काय घेतलं असेल? चष्मा. दोन वर्षं मुलाला मागत होती.

या बाईची जात कुणी विचारली तर मराठा. तिचा नवरा लोकसभेला ज्या चिन्हाला म्हणाला तिथं तिनं मत दिलं. नोव्हेंबरात तिनं नवऱ्याला विचारलंच नाही. लोकसभेला राज्यात मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास होतं, विधानसभेला ६६ च्या वर गेलं, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा. मला ती योजना निवडणुकीच्या तोंडावर आणलेली आवडली नाही, हे स्पष्ट सांगते. पण लोकसभेच्या वेळी तिला बाई म्हणून कोणीच काही विचारलं नव्हतं. सगळे तिच्या घराण्याशी बोलत होते.

ओळख म्हणजे जात आणि धर्म एवढंच धरून हा धागा चाललाय. बाई असणं ही ओळख कुठं गेली?

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

पाटलीणबाई, चूक माझीच. केंद्रात दिवसभर बायकांची रांग वेगळी लावत होतो, आणि लिहिताना त्या रांगेचा विचार डोक्यात आला नाही.

---

रिओग्रांदे

टेक्सासमधून लिहितोय, वीस वर्षं इथं आहे. मेक्सिकोच्या सीमेवर स्टार काउंटी आहे, जवळजवळ सगळी वस्ती स्पॅनिश बोलणाऱ्यांची, सत्त्याण्णव टक्के वगैरे. २०१६ ला तिथं हिलरी क्लिंटन साठ टक्क्यांच्या फरकानं पुढं होत्या. २०२४ ला तीच काउंटी ट्रम्पनी जिंकली. १८९२ नंतर पहिल्यांदा तिथं रिपब्लिकन जिंकला. आठ वर्षांत वस्ती तीच. किराणा महागला, आणि सीमेवर पहारा देण्याची नोकरी करणाऱ्यांत त्याच घरांतली पोरं होती. बाहेरचे लोक त्यांना स्थलांतरित समजत होते, ते स्वतःला तसं समजत नव्हते. पिढ्यानपिढ्या तिथले होते ते.

मोसमकाठ यांचा प्रतिसाद वाचून हे लिहावंसं वाटलं.

---

फोंडेकार

गोव्यात दर लोकसभेला हेच ऐकतो. २०२४ ला दक्षिण गोव्यात काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी जिंकले आणि सगळे म्हणाले सासष्टीच्या ख्रिश्चनांनी जिंकवलं. सासष्टीनं साथ दिली हे खरंच. पण २०१२ ला मनोहर पर्रीकरांना बहुमत मिळालं तेव्हा भाजपच्या तिकिटावर ख्रिस्ती आमदारही निवडून आले होते. त्या वर्षी प्रश्न खाणींतल्या लुटीचा होता. एवढंच.

---

निवृत्त_महसूल

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, मतमोजणीला बरीच वर्षं बसलो. एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

मोजणी यंत्रागणिक होते, म्हणजे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा पुकारला जातो आणि फॉर्म २० मध्ये केंद्रवार लिहिला जातो. तो कोणालाही मिळतो. गावात एक केंद्र पाटलांच्या आळीचं, एक दलित वस्तीच्या शाळेतलं, एक तांड्यावरचं. मत गुप्त आहे, पण वस्तीचं मत उघडं आहे. निकालानंतर आठवडाभरात पुढाऱ्याकडं यादी असते, या वस्तीनं किती दिली, त्या तांड्यानं किती. मग रस्ता, पाण्याची टाकी, सभामंडप त्या यादीप्रमाणे. बीडमधल्या ज्या भाऊंनी दुकानाचं लिहिलं, त्यांच्या गावातही हीच यादी फिरली असणार.

कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका आधी मिसळून मग मोजायची तरतूद होती. यंत्र आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर नावाचं उपकरण निवडणूक आयोगानं सुचवलं, विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. अजून आलेलं नाही.

तुम्ही सगळे जात मत कशी ठरवते ते बोलताय. माझ्या अनुभवात उलटंही होतं. मतमोजणी वस्तीला जात म्हणून बांधून टाकते. एखाद्या तांड्यावरच्या चाळीस माणसांनी वेगळं मत दिलं तरी त्यांची नोंद तांडा म्हणूनच होते, आणि पुढच्या वेळी त्यांना वेगळं मत देऊन काही मिळत नाही. एका गावात मी स्वतः ऐकलंय, टँकर मागायला आलेल्या बायांना पुढारी म्हणाला, तुमच्या केंद्रावर मला किती पडली ते बघा आधी. त्या बायांपैकी कोणी त्याला मत दिलं होतं का, हे त्याला कधीच कळणार नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं.

---

आकडेमोड

साहेब, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. केंद्रवार निकाल वस्तीवर टाकून जातीचं मत काढणारे अभ्यासकसुद्धा हीच चूक करतात. केंद्राचा आकडा हा केंद्राचा असतो. त्यातल्या कोणत्या माणसानं काय केलं ते त्यावरून सांगता येत नाही.

टोटलायझर आला तर पारदर्शकता कमी होईल असाही एक युक्तिवाद आहे. केंद्रवार आकडे दिसले नाहीत तर मोजणीवर संशय वाढेल. त्यावर काय म्हणणं?

---

निवृत्त_महसूल

संशय वाढेल, हे खरं आहे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताळा केंद्रवारच घ्यावा लागतो. चौदा-पंधरा केंद्रं एकत्र करून आकडा जाहीर केला आणि ताळा आतल्या आत उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर केला तर दोन्ही जमेल असं मला वाटतं. पण आजच्या हवेत कोणी विश्वास ठेवेल याची खात्री नाही. टँकर मागणाऱ्या त्या बायांच्या बाजूनं विचार केला तर मी तरी टोटलायझरच निवडेन.

---

हलगी

एक विचारायचं होतं. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं ठरवलं की येत्या जनगणनेत जात मोजणार. १९३१ नंतर पहिल्यांदा खरे आकडे येतील. गोदाकाठ सर, तुम्ही सुरुवातीला म्हणालात आकडे नाहीत म्हणून अंदाज चालतात. आकडे आल्यावर बरं होईल की वाईट?

माझं मत मोजावं असं आहे. आमच्या ५९ जातींत कोणाला किती नोकऱ्या मिळाल्या हे मोजल्याशिवाय वाटणीचं बोलताच येत नाही.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

हलगी भाऊ, मोजावं असंच मलाही वाटतं. पण मोजणाऱ्यांत मी असणार, म्हणून थोडं लिहितो.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवलं होतं. मोबाईलमधल्या ॲपवर दीडशेच्या वर प्रश्न. मराठा घर असेल तर सगळे प्रश्न, नसेल तर थोडक्यात आटोपायचं. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा लोक चहा विचारत होते. तिसऱ्या दिवशी एका ओट्यावर म्हातारी बसली होती, माझी जुनी विद्यार्थिनी तिची नात. मी मोबाईल काढायच्या आत ती म्हणाली, "मास्तर, आमच्याकडं थोडेच प्रश्न आहेत ना? शेजारी लई वेळ बसला होतात." मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. त्या घरी मी आधी कधी किती वेळ बसलो याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता.

जनगणनेत प्रत्येक घरी सारखेच प्रश्न असतील, एवढं तरी बरं होईल.

---

सिंदफणा

सर, आमच्या गावात आलात तर दुकानावर थांबा. वडील सध्या सकाळीच बसतात, दहानंतर मी असतो. वर्गमित्राचं लिहिलं होतं वर, तो मागच्या महिन्यात आला होता, पोरीच्या तापावर गोळ्या मागायला, रात्री अकरा वाजता. मेडिकल लांब आहे. दिल्या. पैसे द्यायला लागला तर वडील आतून म्हणाले, वहीत लिही.